पाण्याचा नकाशा कुणाचा?

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



माझ्या आधीचे वक्ते कापसाच्या भावावर बोलले. टाळ्या पडल्या, त्या पडायलाच पाहिजेत. मी बोलणार आहे नकाशांवर आणि उपग्रहाच्या चित्रांवर. तुमच्यापैकी निम्म्यांच्या मनात आलेच असेल, की या शेतकी पदवीवाल्याच्या हातात माईक कुणी दिला? पऱ्हाटीला शेवटचे ओलीत द्यायला विहिरीत पाणी नाही आणि हा आभाळातल्या गोष्टी सांगायला उभा राहिला. थोडी कळ काढा. पटले नाही तर मागे चहाची किटली आलेली आहे, खुशाल उठून जा, मला राग येणार नाही.

एक साधा प्रश्न विचारतो. तुमच्या तालुक्यात दुष्काळ पडला की नाही, हे कोण ठरवते?

आपल्या आजोबांच्या काळी उत्तर सोपे होते. आणेवारी. पुढे तिची पैसेवारी झाली. तलाठी यायचा, धुऱ्यावर उभा राहून नजर टाकायचा, पन्नासच्या आत की पन्नासच्या वर हे कागदावर मांडायचा. त्या पन्नास पैशांसाठी आपण किती मोर्चे काढले याची गणती नाही. पण त्या भांडणात एक सोय होती. तलाठी दिसायचा. त्याला हाताला धरून म्हणता यायचे, 'भाऊसाहेब, रस्त्याकडेचे वावर पाहू नका, चला, बरडावर चला.'

पैसेवारी आजही निघते. पण दुष्काळ जाहीर करण्याचे शास्त्र बदलले आहे. २०१६ साली केंद्र सरकारने दुष्काळाची नवी संहिता काढली. तिच्यात आधी पाऊस किती तुटला आणि खंड किती दिवसांचा पडला ते बघतात. ती कसोटी लागली की पुढची पायरी: पिकाची हिरवाई, जमिनीतली ओल, धरणातला साठा, भूजलाची पातळी. यातली हिरवाई कोण बघतो? उपग्रह बघतो. त्यानंतर तालुक्यातली दहा टक्के गावे निवडून प्रत्यक्ष पाहणी होते. या पद्धतीने २०१८ साली महाराष्ट्रात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. २०२३ साली ४० तालुक्यांत झाला. त्या वर्षी वगळलेल्या तालुक्यांतून एवढी ओरड झाली, की नोव्हेंबरमध्ये आणखी १०२१ महसूल मंडळांत 'दुष्काळसदृश परिस्थिती' जाहीर करावी लागली. दुष्काळ आणि दुष्काळसदृश यात फरक काय, ते पाण्याच्या रिकाम्या हंड्याला विचारा.

आता उपग्रह हिरवाई कशी बघतो ते सांगतो. जिवंत पान लाल उजेड खाते आणि डोळ्याला न दिसणारा, लालच्या पलीकडचा उजेड परत फेकते. या दोन उजेडांचा हिशेब मांडला की वावरात हिरवे किती आहे ते कळते. पद्धत खोटी नाही, जगभर वापरतात. पण उपग्रह बघतो पान. आपण विकतो बोंड.

पऱ्हाटीचे उदाहरण घ्या. ऑगस्टअखेर तीन आठवड्यांचा खंड पडला. पात्या गळाल्या, फुले गळाली. मग सप्टेंबरच्या मध्यात पाऊस आला. झाडाने नवी पालवी काढली, वावर पुन्हा हिरवेगार झाले. उपग्रहाने वरून पाहिले आणि हिरवे दिसते असा शेरा मारला. त्या हिरव्यामध्ये पहिली वेचणी कुठे आहे? ती गळून मातीत गेली. ज्वारीचेही तेच. पोटरीत असताना ओल तुटली तर कडबा उभा राहतो, कणीस पोचट निघते. वरून बघणाऱ्याला कडबाच दिसतो. आणि नाल्याच्या काठाने, पडीकावर माजलेली वेडी बाभूळ? ती तर वैशाखातही हिरवी. चित्रातून पिकाची जमीन नीट वेगळी काढली नाही, तर ही बाभूळही आपल्या पिकाच्या खात्यात जमा व्हायची.

म्हणजे उपग्रह वाईट आहे, असे मी म्हणतो का? नाही. तलाठ्याच्या नजरेपेक्षा त्याची नजर साफ आहे, त्याला कुणी चहा पाजून वळवू शकत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की तलाठ्याला जसा आपण हाताला धरून बरडावर नेत होतो, तसे या उपग्रहाला नेता आले पाहिजे. त्यासाठी त्याने काढलेले चित्र आधी आपल्या हातात पाहिजे. तालुक्याचा एक आकडा जाहीर होतो. तो कोणत्या तारखेच्या चित्रावरून काढला, त्या दिवशी ढग होते का, चित्रात कोणती जमीन धरली आणि कोणती सोडली, हे गावात येऊन कुणी सांगत नाही.

आता या चित्रांचा इतिहास थोडा ऐका, कारण त्यात आपल्या कामाचा मुद्दा आहे.

जमिनीची चित्रे नेमाने काढणारा अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह २३ जुलै १९७२ रोजी वर गेला. बहात्तर साल म्हटले की तुम्हाला काय आठवते? सुकडी, मिलो आणि खडी फोडण्याची कामे. आपले आईबाप खडी फोडत होते त्याच वर्षी हे यंत्र आभाळात फिरायला लागले. करदात्यांच्या पैशाने उडवले होते. पण १९८४ साली तिथल्या सरकारने कायदा करून ही चित्रे विकण्याचा धंदा खाजगी कंपनीच्या हाती द्यायचे ठरवले. एका चित्राची किंमत चढत चढत ४,४०० डॉलरपर्यंत गेली. गिऱ्हाईक कोण उरले? तेल कंपन्या, सैन्य, मोठी सरकारे. पाण्याचा अभ्यास करणारा प्राध्यापक एक चित्र घ्यायचा आणि त्याच एका चित्रावर तीन वर्षे काढायचा. पाणी तर दर महिन्याला बदलते! एका चित्रावरून पाण्याचा अभ्यास म्हणजे एका वेचणीवरून सालाचा हिशेब.

१९९९ मध्ये नवा लँडसॅट आला तेव्हा भाव ६०० डॉलरवर उतरवला. मी शिकत होतो तो हा काळ. एका पाणलोटाचा अभ्यास करायचा होता. सहाशे डॉलर म्हणजे तेव्हाचे अठ्ठावीस-एकोणतीस हजार रुपये. आमच्या घरी तेवढ्यात अख्ख्या खरिपाचे बियाणे आणि खत व्हायचे. म्हटले, चित्र नाही तर निदान नकाशा मिळवू. एका कार्यालयात गेलो. मोठ्या साहेबांचे पत्र आणा म्हणाले. पत्र नेले. पत्रावर शिक्का नाही म्हणाले. शिक्का नेला तर नकाशावाले रजेवर. शेवटी एका दुपारी नकाशा टेबलावर पसरला, पण बाहेर न्यायचा नाही, फोटो काढायचा नाही. ट्रेसिंग पेपर टाकून पेन्सिलीने नाले उतरवले. पाच वाजले, दिवे बंद झाले, दोन नाले राहिले ते राहिलेच. आजही माझ्या त्या प्रबंधात दोन नाले कमी आहेत, आणि त्यावर मला पहिला वर्ग मिळालेला आहे.

मग २००८ साली अमेरिकेने ठरवले, की लँडसॅटची सगळी चित्रे, जुनी आणि नवी, जगात कुणालाही फुकट. २००९ उजाडता सगळे गोदाम खुले झाले. विक्री होती तेव्हा सगळ्यात चांगल्या वर्षी पंचवीस हजारांच्या आसपास चित्रे जात. फुकट झाल्यावर वर्षाला दहा लाखांच्या वर गेली. पुढे युरोपने सेंटिनेल नावाचे उपग्रह सोडले, तेही पहिल्यापासून खुले. २०१५ साली सोडलेल्या एका सेंटिनेलचा चौकोन दहा मीटरचा, म्हणजे एका एकरात साधारण चाळीस चौकोन बसतात. २०१४ पासूनचे रडारवाले सेंटिनेल ढगातूनही बघतात. आपल्याला ते फार कामाचे, कारण आपले पीक उभे असते तेव्हाच आभाळ भरलेले असते. आणि जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून निसार उडाला. तो आपल्या इस्रोचा आणि अमेरिकेच्या नासाचा सामाईक उपग्रह आहे. तो बारा दिवसांनी त्याच जागी परत येतो, जमिनीची ओल मोजणे हे त्याच्या कामांपैकी एक, आणि त्याची माहिती खुली ठेवण्याचे धोरण आहे.

आपल्या देशाचे काय? उपग्रहात आपण मागे नव्हतो. १७ मार्च १९८८ रोजी आपला पहिला दूरसंवेदन उपग्रह वर गेला. मागे होतो ते चित्र देण्याच्या दानतीत. नकाशांचे तर विचारूच नका. सर्व्हे ऑफ इंडिया हे खाते १७६७ सालचे, कंपनी सरकारने मुलूख ताब्यात ठेवण्यासाठी काढलेले. गोरा गेला, पण नकाशा म्हणजे फौजेची वस्तू ही समजूत राहिली. २००५ साली फौजेचे नकाशे वेगळे आणि लोकांचे वेगळे असे धोरण झाले. २०१७ साली लोकांसाठीचे नकाशे आधार क्रमांक देऊन फुकट उतरवून घेता यायला लागले. फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतीय माणसाला नकाशे करायला आणि वापरायला परवाना लागणार नाही असे जाहीर झाले. आणि २०२३ च्या अवकाश धोरणात लिहिले गेले, की पाच मीटर किंवा त्याहून मोठ्या चौकोनाची इस्रोची चित्रे सगळ्यांना खुली आणि फुकट. पाच मीटरच्या आतली सरकारी खात्यांना फुकट, बाकीच्यांना विकत. म्हणजे दार उघडले आहे. उशिरा उघडले, पण उघडले. आत कुणी जायचे, हा प्रश्न आहे.

इथे माझ्याच एका जुन्या मित्राने मला अडवले होते. तो म्हणाला, 'आपली चळवळ सूट-सबसिडी नको, घामाचे दाम द्या म्हणणारी. फुकट वीज मागणाऱ्यांची आपण टिंगल करतो. मग तू फुकट चित्रे कशी मागतोस?' प्रश्न बरोबर होता, मी रात्रभर त्यावर विचार केला.

फुकट विजेत आणि फुकट चित्रात फरक आहे. माझी मोटार एक तास जास्त चालली तर तेवढी वीज दुसऱ्याला कमी पडते, विहिरीचे पाणी तेवढे खाली जाते. चित्राचे तसे नाही. दिव्याने दिवा लावला तर पहिल्या दिव्याचे तेल कमी होत नाही. उपग्रह उडवण्याचा खर्च एकदा झाला. तो तुमच्या-माझ्या पैशातून झाला. तुम्ही काडेपेटी घेता, डिझेल घेता, त्यातून कर जातोच. पुढे ते चित्र एकाने पाहिले काय आणि लाखाने पाहिले काय, खर्चात फारसा फरक पडत नाही. एकदा दाम मोजलेल्या मालाचे पुन्हा दाम मागणे, याला आपल्या भाषेत काय म्हणतात ते व्यासपीठावरून बोलता येत नाही. शिवाय विकून सरकारच्या गल्ल्यात फार पडत होते, असेही नाही. किमतीने एवढेच केले, की पाण्यावर काम करणारा गरीब माणूस दाराबाहेर राहिला.

आणि हे कायमचे मिळाले असेही समजू नका. २०१८ साली अमेरिकेत पुन्हा पैसे लावावेत का, असा विचार सुरू झाला होता. जगभरच्या अभ्यासकांनी आरडाओरडा केला.

या खुल्या माहितीने पाण्याच्या बाबतीत काय उघडकीला आले, त्याच्या दोनच गोष्टी सांगतो.

मार्च २००२ मध्ये ग्रेस नावाचे दोन उपग्रह सोडले. एकामागोमाग एक, मध्ये सुमारे २२० किलोमीटर अंतर. ते चित्र काढत नव्हते, वजन करत होते. खाली जमिनीत वस्तुमान जास्त असेल तर पुढचा उपग्रह किंचित ओढला जातो, अंतर वाढते. मग मागचा ओढला जातो, अंतर कमी होते. ते अंतर केसाहून बारीक मापाने मोजायचे. जमिनीतले पाणी उपसले की वजन घटते. २००९ साली रोडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिशेब मांडून दाखवला, की राजस्थान, पंजाब, हरियाणा या पट्ट्यातून ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात १०९ घन किलोमीटर भूजल गेले. १०९ घन किलोमीटर म्हणजे किती? जायकवाडीचा उपयुक्त साठा पन्नास वेळा भरून रिकामा करा, तेवढे. पाऊस त्या वर्षांत फारसा कमी नव्हता, असेही त्यांनी नोंदवले. पाणी उपशाने गेले. हरितक्रांतीची वाहवा करणाऱ्यांनी गव्हाच्या पोत्यामागे किती पाणी गेले ते कधी मांडले नव्हते. ते आभाळातून मांडले गेले.

दुसरी गोष्ट उन्हाळ्यातल्या माठाची. माठातले पाणी थंड का होते? झिरपून उडते म्हणून. पिकाचेही तसेच. ज्या वावरातले पीक भरपूर पाणी पिऊन पानातून सोडते ते वावर थंड, कोरडे वावर गरम. लँडसॅटला ही उष्णता वाचता येते. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात यावरून कोणत्या वावराने किती पाणी उडवले याचा हिशेब काढायला लागले, आणि २०२१ पासून पश्चिमेकडच्या सतरा राज्यांत तो शेतनिहाय हिशेब खुला ठेवलेला आहे. शेतकऱ्याला बघता येतो, कॅनॉलवाल्याला बघता येतो, शेजाऱ्यालाही बघता येतो.

शेजाऱ्यालाही बघता येतो म्हटल्यावर काही जण चुळबुळले. चुळबुळ बरोबर आहे, त्यावर येतो. पण आधी आमची एक फजिती सांगतो.

आमच्या भागात एक पाझर तलाव आहे. गावाचे नाव सांगत नाही. त्यातला गाळ काढला, फलक लावला, फोटो निघाले. गावाची तक्रार, की तलावात पाणीच टिकत नाही, दिवाळी झाली की कोरडा. मी म्हटले, पुरावा देतो. तलाव हेक्टर-दीड हेक्टरचा, म्हणजे चित्रात शंभर-दीडशे चौकोन, सहज दिसतो. (नाल्यावरचा छोटा बांध या चित्रात शोधायला जाऊ नका; आठ मीटरचा नाला दहा मीटरच्या चौकोनात सापडत नाही.) कार्यकर्त्याच्या मुलाने चार वर्षांची चित्रे ओळीने लावली. दरवर्षी तेच. सप्टेंबरात भरलेला, डिसेंबरात कोरडा ठक्क. आम्ही निवेदन लिहिले, भ्रष्टाचार हा शब्द त्यात सहा वेळा घातला, मोर्चाची तारीख काढली.

मोर्चाच्या आधी एक म्हातारे शेतकरी माझ्याकडे आले. म्हणाले, 'साहेब, तलाव आटतो खरा, पण माझ्या विहिरीला आता फाल्गुनापर्यंत पाणी राहते. आधी पौषात बूड दिसायचे.' मी खाली जाऊन तलावाच्या खालच्या अंगाच्या विहिरी मोजल्या. नऊ विहिरी. सातांना पाणी वाढले होते. शेतकी पदवी घेतलेला माणूस मी, पाझर तलावाचे कामच मुळी पाझरून रिकामे होण्याचे, हे विसरून गेलो होतो. उपग्रहाला तलाव कोरडा दिसला, तो खराच कोरडा होता. पण पाणी गेले कुठे, हे त्याला दिसत नाही. ते विहिरीला माहीत असते आणि विहिरीच्या मालकाला. मोर्चा रद्द केला. निवेदन माझ्या कपाटात आहे, अधूनमधून काढून वाचतो.

आपल्या भागात ही गोष्ट जास्तच लागू आहे. पंजाबच्या गाळाच्या जमिनीत पाणी सलग पसरलेले असते, म्हणून मोठ्या पट्ट्याचे वजन करून तिथे काहीतरी कळते. ग्रेसचा चौकोन शेकडो किलोमीटरचा. त्यात आपले जिल्हेच्या जिल्हे एका टिंबात बसतात. आपल्या पायाखाली काळा पाषाण. पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या फटीत. एका विहिरीला तुडुंब, दोनशे फुटांवरची ठणठणीत. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरी मोजते. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. अशा विहिरी सगळ्या राज्यात सुमारे चार हजार. गावे किती? चाळीस हजारांच्या वर. म्हणजे दहा गावांमागे एक विहीर, तीही अशा दगडात. त्यांना दोष देत नाही. पण त्या एका विहिरीवरून शेजारच्या नऊ गावांचे पाणी ठरत असेल, तर त्या नऊ गावांनी आपली विहीर मोजू नये, असे कोणत्या कायद्यात लिहिले आहे?

नकाशाचेही तेच. फुकट मिळणारा पन्नास हजारी नकाशा घ्या. त्यात उंचीच्या रेषा वीस-वीस मीटरच्या. अर्धा टक्का उताराच्या काळ्या रानात दोन रेषांमध्ये चार किलोमीटर जातात. तुमचे अख्खे शिवार दोन रेषांच्या मध्ये बसते आणि नकाशा म्हणतो, सपाट आहे. उपग्रहावरून काढलेली उंचीची माहिती तीस मीटरच्या चौकोनाची मिळते, तीत काही मीटरची चूक असते. पाणलोटाची हद्द कुठे, पाणी कोणत्या शिवारातून येते आणि कोणत्या शिवारात जाते, हे तीवरून चांगले कळते. दोन मीटरचा बांध नेमका कुठे घालायचा, हे कळत नाही. तिथे पाण्याची पारदर्शक नळी घेऊन दोन माणसांनी वावरात फिरायचे. जो इंजिनियर नुसता संगणकावर बघून बांधाची जागा ठरवतो, त्याला हात जोडून वावरात आणा.

हिशेब मात्र गावाला करता येतो. एक मिलिमीटर पाऊस एक हेक्टरवर पडला की दहा हजार लिटर. पाचशे हेक्टरच्या शिवारावर शंभर मिलिमीटर पडला तर पन्नास कोटी लिटर. दहा हजारी टँकर धरला तर पन्नास हजार टँकर, आणि हा फक्त एका चांगल्या पंधरवड्याचा पाऊस. मीटरभर खोल काळी जमीन दीड-दोनशे मिलिमीटरपर्यंत पाणी पिकासाठी धरून ठेवू शकते. वीतभर माती खाली मुरूम असलेले बरड त्याच्या पावही धरत नाही. शिवारात खोल किती, बरड किती, हे तुम्हाला पाठ आहे. ते नकाशावर उतरवलेले मात्र नाही. म्हणून बरडाचा दुष्काळ काळीच्या सरासरीत बुडतो.

आता चुळबुळीचे. लोक विचारतात, ही चित्रे आपल्यावरच उलटली तर? उलटतील. उलटू लागली आहेत. पीक विम्यात २०२३ च्या खरिपापासून भात आणि गव्हाला उपग्रहावरून काढलेल्या उत्पन्नाचे किमान तीस टक्के वजन धरायचे ठरले, २०२४ च्या खरिपात सोयाबीन त्यात आले. भूजलाचा २००९ चा राज्याचा कायदा साठ मीटरच्या खाली शेतीसाठी विंधन विहीर नको म्हणतो. वरूड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात अतिउपशाचा शिक्का काय असतो, ते तिथल्या लोकांना विचारा. उद्या माठाच्या त्या हिशेबावरून तुमच्या वावराने किती पाणी उडवले याचा कागद घेऊन कुणी दारात येईल. त्यावर काही जण म्हणतात, उपग्रहाची माहितीच नको. ही भाषा मला मान्य नाही. तुम्ही नको म्हटल्याने उपग्रह खाली उतरणार नाही. विमा कंपनीकडे चित्र असणार, सरकारकडे असणार, बियाणे कंपनीकडे असणार. त्यांच्या हातात चित्र आणि आपल्या हातात टोपी, अशी सुनावणी आपण किती दिवस चालवायची? त्याच चित्रात बरड किती आहे, खंड कोणत्या तारखेला पडला, कॅनॉलचे पाणी कुणाच्या उसात गेले, हेही दिसते. ते दाखवायला आपला माणूस लागतो.

तेव्हा आपल्या मागण्या मी दोनच ठेवतो, तिसरी मागणी नाही. ज्या चित्रावरून आणि ज्या आकड्यावरून माझ्या तालुक्याचा दुष्काळ ठरला किंवा माझा विमा ठरला, ते चित्र, तो आकडा आणि त्याची रीत, निकालाच्या दिवशीच ग्रामपंचायतीत लावा. आणि मंडळाच्या पर्जन्यमापकाची रोजची नोंद, भूजलाच्या विहिरीचे प्रत्येक मोजमाप, गटाच्या नकाशासह खुले, विनाशुल्क आणि मराठीत असू द्या. यासाठी सरकारला नवा रुपया खर्च करायचा नाही. कपाटाचे कुलूप काढायचे आहे.

उरलेले काम आपले आहे. शिकलेली पोरे नोकरी नाही म्हणून पारावर मोबाईल घासत बसतात, त्यांना हे काम द्या. चित्रे उतरवून घेणे, ओळीने लावणे त्यांना आठ दिवसांत येते. आमच्या कार्यकर्त्याचा मुलगा बारावी नापास आहे. बायाबापड्यांना यातून बाहेर ठेवू नका. विहिरीचे बूड कधी दिसले, ते पाणी भरणारीला तारखेसह आठवते.

मोजायचे कसे ते सांगून थांबतो. प्रत्येक गावाने पाच विहिरी निवडायच्या. एक नाल्याकाठची, एक काळीतली, दोन बरडावरच्या आणि एक अशी की जी दरवर्षी सगळ्यात आधी आटते. विहिरीच्या काठावर ऑइलपेंटने खूण करायची आणि दरवेळी त्याच खुणेपासून मोजायचे. आदल्या रात्रीपासून मोटार बंद, सकाळी चारा-पाण्याच्या आधी मोजायचे. सरकारी विहिरी ज्या चार महिन्यांत मोजतात त्याच चार महिन्यांत मोजायचे, म्हणजे त्यांचे आकडे आणि आपले आकडे शेजारी शेजारी ठेवता येतील. पहिले मोजमाप ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. ज्या विहिरीत वाळलेले बूड दिसते तिथे 'कोरडी' असे लिहायचे, जागा मोकळी सोडायची नाही. वह्या आणि तीस मीटरच्या टेपा मंचाच्या डाव्या बाजूला, सतरंज्यांच्या ढिगाजवळ ठेवल्या आहेत. टेपा कमी आहेत. तालुकाप्रमुखांनी सही करून दोन गावांत एक घ्यावी, आणि ज्यांच्याकडे स्वतःची असेल त्यांनी कृपा करून आमची नेऊ नये.